पाळण्यात फक्त पाय दिसतात

ताईचा फोन रात्री साडेअकराला आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही, म्हणून मी आधी घाबरलेच. म्हणाली, "तुला आठवतं का गं, हा नऊ वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा?" 'हा' म्हणजे माझा भाचा, वय वर्षं पंधरा. मला आठवत होतं. पण ही चौकशी आत्ता कशाला, ते कळेना. मग तिने मेसेज पुढे पाठवला आणि उजेड पडला.

मागचं थोडं सांगायला हवं. महिन्यापूर्वी या पोराने आणि त्याच्या दोन मित्रांनी ओळखीच्या एका गृहस्थांची दुचाकी न विचारता काढली, पेट्रोल संपेपर्यंत फिरवली, एका वळणावर पाडली, तिथेच टाकली आणि घरी येऊन काही झालंच नाही अशा थाटात जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. समज देऊन प्रकरण मिटलं, भरपाईचं ठरलं. ताई मात्र त्या दिवसापासून धड झोपलेली नाही. आणि नेमका याच आठवड्यात एका काकांनी घरच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं म्हणे. नसेलही.

मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात: आता विज्ञानानेही मान्य केले!" असं ठळक शीर्षक. आतला मजकूर थोडक्यात असा. जवळपास प्रत्येक अट्टल गुन्हेगाराने लहानपणीच सुरुवात केलेली असते, म्हणून आज चोरी करणारं पोर उद्याचा दरोडेखोर समजा. अंथरूण ओलं करणं, आगीशी खेळणं आणि मुक्या प्राण्यांना छळणं ही तीन लक्षणं दिसली की मूल पुढे खुनी होणार. अशांना गोंजारू नका, मोठ्यांसारखीच शिक्षा द्या, एकदा तुरुंगाची हवा खाल्ली की सरळ होतील. गुन्हेगारी रक्तातच असते. आणि नवी पिढी तर दयामाया नसलेली निपजणार, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीच सांगून ठेवलंय. शेवटी नेहमीचं: प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा.

पोहोचला.

मी संख्याशास्त्र शिकवते. गुन्हेगारीशास्त्र हा माझा विषय नाही, पण या विषयातली दीर्घकाळ चाललेली संशोधनं वर्गात उदाहरण म्हणून वापरते, कारण आकडे उलटे वाचले की काय होतं ते त्यांच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. तेव्हा काकांना ग्रुपवर जे लिहिलं, तेच इथे जरा सविस्तर.

सुरुवात अंथरुणापासून, कारण झोप त्याने उडवली.

ही तीन लक्षणं आली कुठून? १९६३ साली जॉन मॅकडोनल्ड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या एका मनोरुग्णालयातल्या शंभर रुग्णांवर लेख लिहिला. ते शंभर जण खुनी नव्हते, हे आधी लक्षात घ्या. त्यांनी कुणाला तरी 'ठार मारीन' अशी धमकी दिली होती, एवढंच. त्यांच्यापैकी जे फार क्रूर वाटले त्यांच्या बालपणात या तीन गोष्टी वारंवार दिसतात, असं निरीक्षण त्याने नोंदवलं. तुलनेला साध्यासुध्या माणसांचा गट नाही. लहान मुलं घेऊन ती मोठी होईपर्यंत त्यांच्या मागावर राहणं नाही. नंतर त्यानेच हा संबंध पुन्हा तपासला तेव्हा त्याच्याही हाती ठोस काही लागलं नाही. पण तोवर ही लक्षणं प्रशिक्षणाच्या पुस्तकांत शिरली होती, तिथून खुनाच्या मालिकांत गेली आणि आता काकांच्या फोनमध्ये आहेत.

आता अंथरुणाचं वैद्यकीय वास्तव. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा जणांचं अंथरूण रात्री ओलं होतं. दहाव्या वर्षी शंभरात पाच उरतात, आणि ज्यांची तक्रार उरली आहे त्यांच्यापैकी दरवर्षी साधारण पंधरा टक्के मुलं काहीही न करता बरी होतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर एक संप्रेरक सोडतं, ते काही मुलांत उशिरा पुरेसं होऊ लागतं. कुणाची झोप इतकी गाढ की मूत्राशयाची हाक मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. आणि आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. "ताई, तू स्वतः दुसरीत जाईपर्यंत काय करत होतीस ते आईला विचार," असं मी फोनवर म्हटलं, तेव्हा ती महिन्याभरात पहिल्यांदा हसली. ज्या बाईला झुरळ मारायला नवऱ्याला हाक मारावी लागते, तिचे पाय पाळण्यात कुणाला दिसले नव्हते.

बालवाडीच्या चाळीस मुलांच्या वर्गात या हिशेबाने सहा जण बसतात. मेसेजवर विश्वास ठेवायचा तर प्रत्येक बालवाडीच्या दारात पहारा बसवायला हवा.

हसण्यावारी नेलं, पण यातलं नुकसान खरं आहे. अंथरूण ओलं करणारं मूल आधीच ओशाळलेलं असतं. सकाळी चादर लपवतं, दुसऱ्याच्या घरी राहायला जायचं टाळतं, आणि त्यात चूक त्याची कणभरही नसते. अशा मुलाकडे उद्या एखादी आई 'खुनी तर होणार नाही ना' या नजरेने बघू लागली, तर त्या नजरेचं पाप या मेसेजच्या माथी.

उरलेल्या दोन लक्षणांबद्दल मात्र मला थोडं मागे यावं लागेल. मूल जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा प्राण्यांना वेदना देत असेल किंवा आगी लावत असेल, तर ते दुर्लक्ष करण्याजोगं अजिबात नाही. लगेच एखाद्या बालमानसतज्ज्ञाला दाखवावं. पण का? कारण असं वागणाऱ्या मुलांपैकी अनेकांना स्वतःलाच कुणीतरी मारत, छळत किंवा टाकून देत असतं. म्हणजे लक्षण असलंच तर आज त्या घरात काय चाललंय याचं आहे. मेसेज ते वीस वर्षांनंतरच्या खुनाचं म्हणून वाचायला सांगतो आणि आजच्या मारहाणीबद्दल एक अक्षर काढत नाही.

आता पहिला मुद्दा, ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे. "जवळपास प्रत्येक अट्टल गुन्हेगाराने लहानपणीच सुरुवात केलेली असते."

हे खरं आहे. नाइलाजाने मान्य करते, पण खरं आहे. पुढचा 'म्हणून' मात्र खोटा. अमेरिकेतल्या ली रॉबिन्स या संशोधिकेने सेंट लुईसमधल्या एका बाल मार्गदर्शन केंद्रात आणलेल्या पाचशेहून अधिक मुलांचा तीस वर्षांनी माग काढला आणि १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. तिच्या कामातून निघालेली गोष्ट या क्षेत्रात आजही पहिल्या दिवशी शिकवतात: समाजविघातक वागणारा प्रौढ घ्या आणि मागे बघा, तर त्याचं बालपण बहुतेक वेळा तसंच सापडतं, तसं वागणारं मूल घ्या आणि पुढे बघा, तर बहुतेक मुलं तशी होत नाहीत. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी. जवळपास प्रत्येक व्यावसायिक क्रिकेटपटू लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळलेला असतो. गल्लीत खेळणाऱ्या पोरांपैकी किती जण व्यावसायिक होतात, हे सांगायला संशोधन लागत नाही.

आकड्यांत बघायचं तर फिलाडेल्फियाचा अभ्यास घ्या. मार्विन वुल्फगँग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली जन्मलेल्या आणि दहाव्या ते अठराव्या वर्षापर्यंत त्या शहरात राहिलेल्या सगळ्या मुलग्यांच्या पोलीस नोंदी काढल्या. एकूण ९,९४५ मुलगे. त्यातल्या ३,४७५ जणांची, म्हणजे दर तिघांत एकाची, अठराव्या वर्षापर्यंत एकदा तरी पोलिसांत नोंद झाली होती. ही संख्याच बघून थबकायला हवं. पोलिसांच्या वहीत नाव येणं ही त्या शहरातल्या मुलग्यांची इतकी साधी गोष्ट होती. या ३,४७५ पैकी ४६ टक्के मुलांची पहिली नोंद हीच शेवटची ठरली. पाच किंवा अधिक वेळा नोंद झालेले फक्त ६२७. पण निम्म्याहून जास्त गुन्हे या ६२७ जणांच्या नावावर होते.

मेसेज लिहिणारे शेवटच्या वाक्यावर झडप घालतात. बघा, मूठभर पोरं सगळा त्रास देतात, त्यांना आधीच उचला! कसं उचलणार? पहिल्या नोंदीच्या दिवशी ३,४७५ मुलं तुमच्यासमोर उभी आहेत आणि कुणाच्याच कपाळावर 'पुढे आणखी चार वेळा येणार' असं लिहिलेलं नाही. सगळ्यांनाच 'उद्याचा दरोडेखोर' म्हटलंत तर २,८४८ मुलांच्या बाबतीत तुम्ही चुकलात. शंभरातल्या ब्याऐंशी. माझ्या विषयात इतका चुकणारा विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसतो.

बरं, ते ६२७ किंवा त्यांच्यासारखे तरी जन्मभर तसेच राहतात का? ज्या अभ्यासाने मला स्वतःला या बाबतीत सगळ्यात जास्त हलवलं तो इथे सांगते, कारण त्याच्यापुढे मेसेजचा दुसरा कुठलाही मुद्दा टिकत नाही.

शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक हे हार्वर्डमधलं संशोधक जोडपं. १९४० च्या सुमारास त्यांनी बॉस्टन परिसरातले ५०० मुलगे निवडले, सगळे सुधारशाळेत डांबलेले. एकदा दुचाकी पळवणारे नव्हेत, चांगले मुरलेले. जोडीला तशाच गरीब वस्त्यांतले, वय आणि बुद्ध्यांक जुळणारे पण गुन्ह्याची नोंद नसलेले आणखी ५००. घरी जाऊन आईवडिलांशी बोलले, शिक्षकांना विचारलं, शरीराची मापंसुद्धा घेतली. पोरं बत्तीस वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. मग जोडपं म्हातारं झालं, वारलं, आणि कागद खोक्यांत गेले. १९८० च्या दशकात जॉन लॉब नावाच्या संशोधकाला ही खोकी हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात धूळ खात पडलेली सापडली. त्याने आणि रॉबर्ट सॅम्पसनने आधी ती माहिती संगणकावर चढवली. पुढे त्यांनी त्या ५०० जणांचा सत्तरीपर्यंतचा माग काढला: गुन्ह्यांच्या नोंदी, मृत्यूच्या नोंदी. जे सापडले त्यांच्यापैकी ५२ म्हाताऱ्यांना समोर बसवून बोलतं केलं.

हातात काय आलं? गुन्हे वयानुसार उतरत जातात, आणि सगळ्यांचेच उतरतात. काहींचे पंचविशीत, काहींचे चाळिशीत, काही थोड्यांचे त्याहून उशिरा. पण सत्तरीपर्यंत त्याच वेगाने गुन्हे करत राहणारा गट त्यांना आढळलाच नाही. आणि मेसेजचं कंबरडं मोडणारी गोष्ट तर पुढेच आहे. कोण लवकर थांबेल आणि कोण उशिरा, हे लहानपणच्या माहितीवरून सांगता आलं नाही. बुद्ध्यांक, स्वभाव, घरची परिस्थिती, किती लहानपणी सुरुवात केली, सगळं हाताशी होतं. जगात फार थोड्या मुलांची इतकी बारीक माहिती कुणी कधी गोळा केली असेल. तरी पाळण्यावरून पुढचा रस्ता दिसला नाही.

थांबलेल्यांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल जे सांगितलं त्यात बऱ्याचदा तीन गोष्टी होत्या: टिकलेली नोकरी, सैन्यातली वर्षं आणि सांभाळून घेणारी बायको. लग्न लावून दिलं की पोरगा सुधारतो असा अर्थ काढणारे लगेच पुढे सरसावतील, त्यांनी जरा दम धरावा. तिथला अर्थ असा की जुन्या टोळक्यापासून माणूस तुटला, दिवसाला वेळापत्रक आलं, आणि कुठे होतास असं विचारणारं कुणीतरी घरी होतं.

या अभ्यासाच्याही मर्यादा आहेत. सगळे मुलगे गोरे, सगळे एकाच भागातले, आणि त्यांच्या तरुणपणी युद्धानंतर कारखान्यांत कामं मुबलक होती. आज तेवढी नसतात. पण हे फक्त जुन्या बॉस्टनचंच आहे असंही नाही. २००० नंतर फिलाडेल्फिया आणि फिनिक्स इथे गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या १,३५४ किशोरांचा सात वर्षं पाठपुरावा झाला. त्यातही बहुतेकांचे गुन्हे झपाट्याने कमी झाले, सातत्याने खूप गुन्हे करत राहिलेले दहात एकाहून कमी. आणि वयाबरोबर गुन्हे ओसरतात हे तर बेल्जियमच्या आदोल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाने १८३१ मध्येच फ्रान्सचे आकडे मांडून दाखवलं होतं. 'आता विज्ञानानेही मान्य केले' म्हणणाऱ्यांना विज्ञानाने जे मान्य केलंय त्याला दोनशे वर्षं होत आली, एवढंच सांगायचंय.

लहान वयात, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्याही आधी सुरुवात करणारी, सतत मारामाऱ्या करणारी मुलं पुढे अडचणीत येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, हे मी नाकारत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या हजारभर मुलांच्या अभ्यासातून टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये हा फरक मांडला: थोडी मुलं लवकर सुरू होऊन लांबपर्यंत चालतात, बहुतेकांचं प्रकरण पौगंडावस्थेत सुरू होतं आणि तिथेच संपतं. शक्यता जास्त असणं आणि ठरलेलं असणं यांत मात्र जमीनअस्मानाचं अंतर आहे. आणि पंधराव्या वर्षी दोस्तांबरोबर पहिल्यांदाच गाडी पळवणारा कुठल्या गटात बसतो, ते ताईने स्वतः ठरवावं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. "मोठ्यांसारखी शिक्षा द्या, तुरुंगाची हवा खाल्ली की सरळ होतील."

आधी मेसेजला स्वतःचंच म्हणणं आठवतंय का ते विचारू. हाच मेसेज म्हणतो की ही पोरं जन्मतः अशीच, रक्तातच आहे, पाय पाळण्यात दिसतात. मग महिनाभर तुरुंगात ठेवून रक्त बदलतं? एकतर सुधारत नाहीत म्हणा, नाहीतर सुधारतात म्हणा.

तुरुंगाच्या धाकाचा प्रयोग खरोखर झालेला आहे. १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात वांड पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांसमोर बसवायचे. कैदी अंगावर धावून जायचे, शिव्या द्यायचे, आत आल्यावर तुझं काय होईल त्याचं वर्णन करायचे. पोरं रडायची. बघणाऱ्यांना वाटायचं, काम झालं. कल्पना इतकी आवडली की पुष्कळ ठिकाणी नक्कल झाली. पुढे संशोधकांनी अशा कार्यक्रमांच्या नऊ चाचण्या एकत्र तपासल्या, ज्यांत कुणाला न्यायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं. निकाल उलटा. तुरुंग बघून आलेल्या पोरांनी, न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं, हा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे, माझी टिप्पणी नव्हे.

ही झाली नुसती भेट. प्रत्यक्ष कोंडल्यावर काय होतं?

इथे एक जुनी अडचण असते. कोठडीत गेलेली मुलं पुढे जास्त गुन्हे करतात हे दिसतं, पण कुणीही म्हणेल की मुळात वाईट पोरंच आत गेली होती. आना आयझर आणि जोसेफ डॉयल या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये ही अडचण फार सुरेख सोडवली. शिकागोच्या बाल न्यायालयात खटला कोणत्या न्यायाधीशापुढे जाईल हे जवळपास नशिबावर असतं. काही न्यायाधीश कडक, चटकन आत पाठवणारे; काही मवाळ. म्हणजे सारखंच वय, सारखाच गुन्हा, सारखंच घर असलेल्या दोन पोरांपैकी एक आत जातो आणि दुसरा घरी, फक्त समोर कोण बसलं होतं म्हणून. पस्तीस हजारांहून जास्त मुलांच्या नोंदींवर त्यांनी हा हिशेब केला. केवळ कडक न्यायाधीश वाट्याला आल्यामुळे जे आत गेले, त्यांची शालेय शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता शंभरामागे सुमारे तेराने घटली, आणि पंचविशीपर्यंत मोठ्यांच्या तुरुंगात जाण्याची शक्यता शंभरामागे बावीस-तेवीसने वाढली.

काका, हे दोनदा वाचा. पोरांत फरक नव्हता. फरक शिक्षेत होता.

असं का होतं हे समजायला मोठं डोकं लागत नाही. पोरगा महिना-दोन महिने आत राहतो. बाहेर येतो तोवर वर्ग पुढे गेलेला, वर्गातलं कुणी शेजारी बसायला तयार नाही, शाळेलाही तो नकोसाच. बरेच जण परततच नाहीत. आणि आत ज्यांच्याबरोबर दिवस काढले ते सगळे त्याच्यापेक्षा एक इयत्ता पुढचे. दुचाकी ढकलत नेणारा आत जातो आणि कुलूप कसं उघडतात ते शिकून बाहेर येतो. मोठ्यांच्या न्यायालयात, मोठ्यांच्या कायद्याने खटला चाललेल्या किशोरांचं आणखी वाईट. २००७ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य तज्ज्ञांच्या एका कृतिदलाने त्यावेळपर्यंतचे अभ्यास तपासले, तेव्हा मोठ्यांकडे वर्ग केलेली मुलं बाल न्यायालयातच ठेवलेल्यांपेक्षा पुन्हा अटक होण्यात साधारण एक तृतीयांशाने पुढे होती. हिंसा रोखण्यासाठी ही पद्धत वापरू नये, अशी शिफारस त्यांनी केली.

म्हणजे 'बालगुन्हेगार पुढे सराईत होतो' हे वाक्य काही बाबतींत खरं ठरतं खरं. पण ते खरं ठरवण्यात 'मोठ्यांसारखी शिक्षा द्या' म्हणणाऱ्यांचा हात असतो.

आता बाकीचे दोन मुद्दे झटपट उरकते, त्यांत दम नाही.

रक्तातली गुन्हेगारी. गुन्हे काही कुटुंबांत एकवटलेले असतात, हे बरोबर. लंडनच्या दक्षिण भागातल्या ४११ मुलग्यांच्या, १९६१ पासून चाललेल्या अभ्यासात सहा टक्क्यांहून कमी कुटुंबांकडे निम्म्या शिक्षा होत्या. पण कुटुंब म्हणजे नुसतं रक्त का? तीच गरिबी, तोच मारझोड करणारा बाप, तीच वस्ती, आणि आडनाव ऐकताच कान टवकारणारा तोच हवालदारही त्यात येतो. कवटी बघून जन्मजात गुन्हेगार ओळखणाऱ्या चेझारे लोंब्रोझोचं पुस्तक १८७६ चं आहे. काकांचा मेसेज तिथून फार पुढे सरकलेला नाही.

अमेरिकेतले तज्ज्ञ. हे मात्र खरंच कुणीतरी म्हणालं होतं. १९९५ मध्ये जॉन डिलूलियो या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने भाकीत केलं की दयामाया नसलेल्या, महाभयंकर किशोर गुन्हेगारांची लाट येणार आहे. राजकारण्यांनी ते उचललं, राज्याराज्यांत कायदे कडक झाले, हजारो पोरं मोठ्यांच्या न्यायालयात गेली. लाट आली नाही. किशोरांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका १९९४ मध्येच शिगेला पोहोचून उतरायला लागल्या होत्या, आणि पुढेही उतरत राहिल्या. २०१२ मध्ये किशोरांच्या सक्तीच्या आजन्म कारावासाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा ते भाकीत चुकल्याचं सांगणाऱ्या निवेदनावर सही करणाऱ्यांत डिलूलियो स्वतः होता. तज्ज्ञाने आपलं म्हणणं मागे घेऊन दशक उलटलं. आपल्या ग्रुपवर ते अजून ताजं आहे.

आमच्या बाजूचेही धुतल्या तांदळाचे नाहीत, हेही सांगून टाकते. 'मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो, म्हणून त्याआधी कुणाला दोष देऊ नका' असा मेसेजही फिरतो, तोही तितकाच अर्धवट. आवेग आवरणारा मेंदूचा भाग विशीतही घडत असतो हे खरं, पण पंचविसाव्या वाढदिवसाला कसलंही बटण दाबलं जात नाही, आणि पंधराव्या वर्षी दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याची असते हे पुरेपूर कळतं. माझ्या भाच्यालाही कळत होतं. नुसत्या मायेने सगळं सुटतं असंही नाही. केंब्रिज-सोमरव्हिल नावाचा एक जुना प्रयोग आहे, बॉस्टनजवळचाच, १९३९ ला सुरू झालेला. जोड्या लावून निवडलेल्या मुलग्यांपैकी अर्ध्यांना वर्षानुवर्षं समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं सगळं दिलं. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी तपासलं तर मदत मिळालेल्यांचं बऱ्याच बाबतींत जरा वाईटच झालं होतं. पुढच्या तपासणीत संशय शिबिरांवर गेला: उनाड पोरं एकत्र ठेवली की ती एकमेकांकडूनच शिकतात. सद्हेतू होता म्हणून फायदाच होतो असं नाही, हे काकांच्या मेसेजलाही लागू आणि मलाही.

"मग मी करू काय?" असं ताईने विचारलं. मी म्हटलं, शाळा एक दिवसही बुडू देऊ नकोस. त्या दोघांबरोबरचं संध्याकाळचं हिंडणं बंद, आणि त्या वेळात काहीतरी ठरलेलं काम दे. भरपाई तू तुझ्या पाकिटातून देऊ नकोस, त्याला फेडू दे. आणि अंथरुणाचा विषय त्याच्यासमोर काढलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

काकांनी माझ्या उत्तराखाली अंगठा दाखवला आणि मेसेज काढून टाकला. तोवर तो आणखी किती ग्रुपवर गेला असेल देव जाणे.

भाचा सध्या दर रविवारी सकाळी त्या गृहस्थांकडे जातो. त्यांच्या आवारातलं पडेल ते काम करतो, आणि शेवटी ती दुचाकी धुतो. उजव्या बाजूचा आरसा नवा आहे, टाकीवरचा पोचा तसाच आहे. हिशेब फिटायला अजून पाच रविवार लागतील. धुऊन झाली की गाडी आत लावायची असते, पण ती ढकलत न्यावी लागते, कारण किल्ली ते गृहस्थ अजून स्वतःच्या खिशात ठेवतात. त्यात मला काही वावगं वाटत नाही. भाच्यालाही वाटत नसावं, कारण मागच्या वेळी मी गेले होते तेव्हा तो गाडी ढकलता ढकलता त्यांना ब्रेक कसे घट्ट करायचे ते विचारत होता.